परदेशी कर्जावरचा प्रकल्प: सामाजिक आणि पर्यावरणीय जोखीम कशी हाताळायची

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले, तेव्हा नेमकी किती माणसे उठणार याची धड मोजणी झालेली नव्हती. केंद्राची पर्यावरण मंजुरी आली १९८७ मध्ये, तीही अटींवर. बरेचसे अभ्यास ‘काम चालू असताना’ करायचे ठरले. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताच्या यादीत होती. त्यांतले अगदी पुढचे गाव मणिबेली. बँकेनेच नेमलेल्या मोर्स आयोगाने जून १९९२ मध्ये अहवाल दिला: पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबींत बँकेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत, तेव्हा आता थांबून फेरविचार करावा. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी तपासणारे स्वतंत्र इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले.

आज युगांडातल्या रस्त्यावर, नेपाळमधल्या वीजवाहिनीवर किंवा विदर्भातल्या शेती प्रकल्पावर काम करणाऱ्याच्या हातात जी जाडजूड नियमावली पडते, तिच्यामागे हा इतिहास आहे. प्रकल्प अंमलबजावणी कक्षात पर्यावरण किंवा सामाजिक तज्ज्ञ म्हणून नव्याने रुजू झालेल्यांसाठी, ज्यांच्या गळ्यात हे काम ‘जादा कार्यभार’ म्हणून पडते त्या अभियंत्यांसाठी आणि बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या संस्थांसाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अहवाल लिहिणे हे यातले सोपे काम. जो उपाय निविदेत दरासकट बसलेला नाही, तो अहवालात कितीही सुंदर लिहिलेला असला तरी होणार नाही, असे धरूनच चालावे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या निविदेकडे जाणाऱ्या आहेत.

पायरी १: पैसा कोणाचा, नियम कोणाचे

पहिल्या दिवशी कर्जकरार मागवा. गोषवारा चालणार नाही, मूळ करार हवा. त्यात कोणती चौकट लागू आहे ते लिहिलेले असते. जागतिक बँकेची पर्यावरणीय आणि सामाजिक चौकट ऑगस्ट २०१६ मध्ये मंजूर झाली आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तिच्यात दहा मानके आहेत: जोखमीचे मूल्यमापन, कामगार, संसाधने व प्रदूषण, लोकांचे आरोग्य व सुरक्षा, भूसंपादन व पुनर्वसन, जैवविविधता, आदिवासी समाज, सांस्कृतिक वारसा, वित्तीय मध्यस्थ आणि लोकसहभाग. जागतिक बँक समूहातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या आयएफसीची आठ मानके वेगळी आहेत आणि सध्याची आवृत्ती २०१२ ची आहे. आशियाई विकास बँक, एआयआयबी (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक), जपानची मदतसंस्था जायका यांचे नियम आपापले. व्यापारी बँका २००३ पासून इक्वेटर तत्त्वे, म्हणजे अशी जोखीम तपासण्याचे त्यांनी स्वतःहून स्वीकारलेले नियम, वापरतात. एकाच प्रकल्पात दोन-तीन सावकार असतील तर कोणती चौकट चालवायची हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या. नाहीतर एकाच गावात दोन वेगळ्या नमुन्यांत सर्वेक्षण करण्याची पाळी येते आणि लोक दुसऱ्या खेपेला दारातूनच परत पाठवतात.

जागतिक बँकेच्या प्रकल्पात कर्जदाराने काय, कधी आणि कोणी करायचे याचा एक बांधिलकी आराखडा असतो. तो कर्जकराराचाच भाग असल्याने कायदेशीर बंधन ठरतो. कार्यालयात तो बहुधा कोणी वाचलेला नसतो. तुम्ही वाचा आणि त्यातल्या तारखा भिंतीवर लावा.

मग देशाचा कायदा आणि सावकाराचे मानक शेजारी ठेवून फरक काढायचे. भारतात मला तीन फरक वारंवार नडताना दिसतात.

पहिला, पर्यावरण मंजुरीचा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, रेल्वे नाही. त्यामुळे ‘मंजुरी लागत नाही’ हे वाक्य रेल्वे आणि मेट्रोच्या फायलींत सर्रास सापडते. ते खरे असते, पण त्यातून ‘अभ्यास लागत नाही’ असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा. सावकाराला पूर्ण मूल्यमापन लागतेच.

दुसरा, भूमिहीनांचा. २०१३ चा भूसंपादन कायदा कुळे, वाटेकरी, शेतमजूर यांना बाधित कुटुंब मानतो, पण संपादनाआधी तीन वर्षे ते त्या भागात असायला हवेत. जागतिक बँकेच्या मानकात अशी तीन वर्षांची अट नाही. जाहीर केलेल्या अंतिम तारखेला (तिच्यानंतर आलेले यादीत धरत नाहीत) माणूस तिथे होता की नव्हता एवढेच बघितले जाते. जमिनीचा कागद नसलेल्यालाही त्याच्या बांधकामाची भरपाई आणि उपजीविकेसाठी मदत मिळते.

तिसरा, घसाऱ्याचा. बांधकाम विभागाच्या दरसूचीने घराचे मूल्य काढताना वय धरून घसारा वजा करायची सवय आहे. मानक म्हणते पुनर्स्थापना मूल्य द्या, म्हणजे तसेच घर आज नव्याने बांधायला लागेल तेवढे, घसारा न कापता. हा फरक कोणत्या लेखाशीर्षातून भरायचा याचा शासन निर्णय आधी काढून घ्या. मोबदला वाटायची वेळ आल्यावर वित्त विभागाकडे गेलात तर वर्ष जाते.

पायरी २: वर्गवारी

जागतिक बँक जोखमीचे चार वर्ग करते: उच्च, लक्षणीय, मध्यम आणि कमी. आयएफसीचे अ, ब, क असे वर्ग आहेत. वर्ग खाली आणायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वर्ग खाली आला की कागद कमी होतात. पण वर्ग केवळ आकारावरून ठरत नाही. जागा किती नाजूक आहे, अंमलबजावणी करणाऱ्या खात्याला असे काम आधी झेपले आहे का, वादग्रस्त इतिहास आहे का, हेही धरावे लागते.

लहान कामांच्या बेरजेत मोठी जोखीम लपते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाडा आणि विदर्भातल्या हजारो गावांत राबवला गेला. एक शेततळे बघितले तर जोखीम जवळपास शून्य. पण प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पावसाच्या पाण्याने न भरता विहिरीतून उपसून भरले, तर एकाच्या तळ्यासाठी शेजाऱ्याची विहीर कोरडी पडू शकते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचे पाणीच खारट आहे, उपशाचा प्रश्न आणखी वेगळा. म्हणून अशा प्रकल्पात एकेका कामाचे मूल्यमापन करत बसू नये. पाणलोटाचा ताळेबंद काढावा आणि एका पाणलोटात किती तळी परवडतात त्याची मर्यादा ठरवावी.

वर्गवारीचा तक्ता कार्यालयात बसून भरू नका. डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) घेऊन आखणीवरून चालत जा, जमेल तितके पायी. शाळा, स्मशानभूमी, देवराई, पाणवठा, गुरांची वाट आणि आठवडे बाजाराची जागा या सहा गोष्टी नकाशावर स्वतः मांडा. उपग्रहचित्रात देवराई नुसती झाडी दिसते आणि बाजार मोकळे मैदान.

पायरी ३: प्रकल्पाची हद्द कुठपर्यंत

रस्ता म्हणजे फक्त डांबराचा पट्टा नव्हे. खडीचा क्रशर, मुरमाची खाण, डंपरची वाट, लेबर कॅम्प, गाळ टाकायची जागा हे सगळे हद्दीत येते. शिवाय सावकाराने पैसा दिलेला नसला तरी ज्याच्याशिवाय प्रकल्प चालणार नाही आणि जे त्याच सुमारास, त्याच्यासाठीच उभे राहते, तेही मोजायचे. सौर उद्यानाला कर्ज एकाचे आणि पारेषण वाहिनी दुसऱ्या खात्याची असली, तरी वाहिनीखालच्या शेतकऱ्याचा प्रश्न तुमच्याच दारात येतो.

कच्छमधल्या मुंद्र्याचा ४,००० मेगावॉटचा टाटांचा कोळसा वीज प्रकल्प या पायरीवर अडखळला. आयएफसीने २००८ मध्ये त्याला ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. किनाऱ्यावर वर्षातले काही महिने येऊन राहणारे, मासेमारी करणारे समाज होते. आयएफसीच्याच तक्रार तपासणाऱ्या लोकपालाने २०१३ मध्ये म्हटले की या हंगामी रहिवाशांचा पुरेसा विचारच झाला नव्हता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये निकाल लागला की आयएफसीसारख्या संस्थेला खटल्यापासून सरसकट, निरपवाद संरक्षण नाही. पुढे मच्छीमारांच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही, कारण तिथल्या खालच्या न्यायालयांनी मूळ दावा चालवला नाही. पण त्या निकालानंतर कर्ज देणाऱ्या संस्थांचे वकील हद्दीचा नकाशा काळजीपूर्वक पाहू लागले.

पायरी ४: आधीची स्थिती नोंदवणे

हवा, पाणी, आवाज यांची मोजमापे प्रयोगशाळा करून देईल. तिथे फारसे अडत नाही. अडते ते कॅलेंडरवर.

मुंबईचा अटल सेतू जायकाच्या कर्जातून झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून जातो, जिथे हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पक्ष्यांची गणना जुलैत केली असती तर अहवालात काय आले असते? तेच मासेमारीचे. पावसाळी बंदीच्या दिवसांत खाडीवर जाऊन ‘इथे कोणी मासे पकडत नाही’ असे लिहिणारा सल्लागार खोटे लिहीत नसतो, फक्त चुकीच्या महिन्यात गेलेला असतो. खाडीत हाताने कालवे, शिवल्या वेचणाऱ्या बायका ओहोटीच्या वेळी येतात. भरतीला गेलात तर त्याही दिसणार नाहीत.

घरोघरच्या सर्वेक्षणालाही हाच नियम. बीड जिल्ह्यात जानेवारीत गेलात तर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या दाराला कुलूप असते, आणि नमुन्यात ‘घर बंद’ असा शेरा पडून ती कुटुंबे यादीतून गळतात. कुलूप दिसले की शेजाऱ्याकडून नाव आणि फोन घ्या, दारावर क्रमांक लावा आणि एप्रिलनंतर परत जा. ही दुसरी फेरी सल्लागाराच्या करारात पैशासकट लिहिलेली असावी, नाहीतर ती होत नाही.

पायरी ५: माणसांची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त भांडणेही इथूनच सुरू होतात.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला, म्हणजे एमयूटीपीला, जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजुरी दिली. रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांसाठी सुमारे १ लाख २० हजार लोकांना हलवायचे होते. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना २२५ चौरस फुटांचे घर, असा ढोबळ साचा होता आणि रुळांलगत राहणाऱ्या अनेकांसाठी ती खरोखर सुधारणा होती. पण सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याच्या आड कुर्ल्याकडची दुकाने, कारखाने, गोदामे आली. त्यांतल्या कित्येकांच्या जागा साच्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या, गिऱ्हाईक ठरलेले होते, हाताखाली कामगार होते. २००४ मध्ये दुकानदारांच्या संघटना इन्स्पेक्शन पॅनेलकडे गेल्या. पॅनेलच्या अहवालात निघाले की दुकानदारांचा वेगळा विचार झाला नाही, उत्पन्न परत उभे करण्याची तजवीज कमी पडली, माहिती नीट दिली गेली नाही आणि तक्रार ऐकणारी व्यवस्था पुरेशी स्वतंत्र नव्हती. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या घटकांचे पैसे थांबवले. दुरुस्त्या कबूल झाल्यावर काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले.

यातून कामाची पद्धत निघते. यादी करताना ‘बाधित’ हा एकच रकाना ठेवू नका. निदान एवढे प्रकार वेगळे धरा: मालक राहणारा, भाडेकरू, मालक दुकानदार, भाड्याचा दुकानदार, दुकानातला कामगार, फेरीवाला, कूळ किंवा बटाईदार, गायरानावर गुरे चारणारा, वहिवाटीने झाडे किंवा पाणी वापरणारा, आणि ज्याची जमीन जात नाही पण वाट बंद होते असा माणूस. हा शेवटचा प्रकार जवळजवळ प्रत्येक यादीत राहून जातो. महामार्गाने शेत दुभागले की मोबदला मिळतो पट्ट्याचा, आणि बैल मात्र तीन किलोमीटर लांबच्या भुयारी मार्गाने न्यावे लागतात.

अंतिम तारीख जाहीर करताना ती चावडीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, स्थानिक वर्तमानपत्रात आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटातही टाका. त्याच आठवड्यात आखणीचे ड्रोन चित्रण करून ठेवा. नंतर उभी राहिलेली पत्र्याची शेड कोणती, याचा वाद त्याने मिटतो. प्रत्येक कुटुंबाला मोजणीची पावती द्या: फोटो, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, झाडे, तारीख, दोघांच्या सह्या. सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नसते, पोटहिस्से कागदावर पडलेले नसतात, बहिणींची नावे उडालेली असतात. यासाठी तलाठ्याला बसवून फेरफाराचे शिबिर मोजणीच्या आधी घ्या. मोबदल्याच्या धनादेशावर नवरा-बायको दोघांची नावे असावीत. यादी लावल्यावर हरकतींसाठी पुरेशी मुदत द्या आणि ती मुदत पेरणी-काढणीच्या दिवसांत येऊ देऊ नका.

आदिवासी क्षेत्रात आणखी एक थर येतो. जागतिक बँकेचे सातवे मानक तीन प्रसंगी पूर्वसूचित, मुक्त संमती मागते: परंपरेने वापरातल्या जमिनीवर किंवा निसर्गसंपत्तीवर विपरीत परिणाम होणार असेल, स्थलांतर करावे लागणार असेल, किंवा त्यांच्या सांस्कृतिक वारशावर मोठा परिणाम होणार असेल तेव्हा. आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आहेच. ग्रामसभेच्या ठरावावर सह्या आहेत म्हणजे संमती झाली असे समजू नका. सभा पाड्यावर झाली की ग्रामपंचायतीच्या गावात, बोलणे भिली, पावरी, कोरकू किंवा माडियात झाले की फक्त मराठीत, नकाशा दाखवला की नाही, हे इतिवृत्तात असू द्या. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे म्हणणेही त्यात यायला हवे. सगळ्यांनी एकमताने होकार दिल्याचे इतिवृत्त मला नेहमी संशयास्पद वाटते.

पायरी ६: टाळा, कमी करा, दुरुस्त करा, मगच भरपाई

हा क्रम सगळ्यांना पाठ असतो आणि बहुतेक वेळा उलटा चालतो, कारण भरपाई सर्वांत सोपी. टाळण्याची संधी आखणी ठरेपर्यंतच असते. त्यामुळे पर्यायांचा अभ्यास डीपीआर सल्लागाराच्या टेबलावर असतानाच तुमचा माणूस तिथे बसला पाहिजे. वळण पन्नास मीटर सरकवल्याने विहीर वाचते का, हा प्रश्न त्या टेबलावर फुकट असतो. वर्षभराने त्याचीच किंमत कोटीत जाते.

पायरी ७: व्यवस्थापन आराखडा निविदेत उतरवणे

आता मुख्य काम. आराखड्यात वाक्य असते: ‘ठेकेदाराने धूळ नियंत्रणासाठी योग्य ती उपाययोजना करावी.’ अशा वाक्यावर ठेकेदार शून्य रुपये धरतो आणि त्याचे बरोबरच असते. कमी दराची निविदा जिंकते. ज्याने प्रामाणिकपणे टँकरचे पैसे धरले तो हरतो. म्हणून तेच वाक्य असे लिहा: वस्तीलगतच्या कच्च्या वाहतूक मार्गावर ऑक्टोबर ते मे रोज ठरलेल्या इतक्या वेळा पाणी मारणे, पाणी पिण्याच्या स्रोतातून न घेणे, टँकरच्या फेऱ्यांची जीपीएस नोंद ठेवणे, मोजमाप प्रति किलोमीटर प्रति महिना. मग ही बाब बीओक्यूत, म्हणजे निविदेतल्या कामांच्या परिमाण-दर यादीत, स्वतंत्र ओळ म्हणून टाका. मोजता येते त्याचे बिल निघते, आणि बिल निघते म्हणून काम होते.

सगळेच असे मोजता येत नाही. सापडलेले अवशेष, अनपेक्षित विहीर आटणे, तातडीचे पक्षीनिरीक्षण यांसाठी प्रोव्हिजनल सम ठेवा, म्हणजे राखीव रक्कम जी अभियंत्याच्या आदेशानेच खर्च होते. ठेकेदाराचे कर्मचारी, म्हणजे पर्यावरण अधिकारी, सामाजिक अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी, यांची पदे, पात्रता आणि गैरहजेरीबद्दलची कपात निविदेत नावानिशी लिहा. सुरक्षा अधिकाऱ्यालाच बाकी दोन्ही टोप्या घालायची चाल ओळखा आणि बंद करा.

जागतिक बँकेच्या मोठ्या बांधकामांच्या प्रमाण निविदा कागदपत्रांत पर्यावरणीय-सामाजिक कामगिरीसाठी वेगळी हमी रक्कम मागता येते आणि ठेकेदाराचा स्वतःचा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. ही दोन्ही कलमे खोडली जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. ‘ठेकेदार येणार नाहीत’ या सबबीखाली ती निविदापूर्व बैठकीत उडतात. रनिंग बिलाच्या (काम होईल तसतसे निघणाऱ्या हप्त्याच्या बिलाच्या) तपासणी यादीत तुमची सही बंधनकारक करून घ्या. ही सही मिळाली नाही तर तुम्ही पुढची तीन वर्षे फक्त अहवाल लिहाल.

पायरी ८: कामगार आणि बाहेरून आलेली माणसे

पश्चिम युगांडातल्या कामवेंगे–फोर्ट पोर्टल रस्त्यावर ६६ किलोमीटरच्या कामासाठी बाहेरचे कामगार आले. गावातल्या अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण झाले, काही मुली गरोदर राहिल्या, शाळा सुटल्या. धूळ, अपघात, मोबदल्याच्या तक्रारी होत्याच. लोकांनी लिहिलेल्या तक्रारीवर बँकेच्या व्यवस्थापनाने वेळेत हालचाल केली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये बँकेने कर्जच रद्द केले. ऑगस्ट २०१६ मध्ये पॅनेलच्या चौकशीने देखरेखीतल्या त्रुटी मांडल्या. त्यानंतर बँकेचे नियम बदलले: जानेवारी २०२१ पासून, लैंगिक शोषणाची जोखीम जास्त असलेल्या मोठ्या बांधकामांत, प्रतिबंधाच्या अटी न पाळणाऱ्या ठेकेदाराला बँकेच्या कामांतून दोन वर्षे अपात्र ठरवता येते.

कर्ज रद्द झाल्याने त्या मुलींचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे मी कर्ज थांबवण्याला उपाय म्हणत नाही. उपाय आधी करायचे असतात. लेबर कॅम्प शाळा आणि पाणवठ्यापासून दूर ठेवा. कामगाराने आचारसंहितेवर सही करायची ती त्याच्या भाषेत वाचून दाखवल्यानंतर. झारखंडच्या मजुराकडून इंग्रजी कागदावर अंगठा घेणे म्हणजे नुसता देखावा. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत जमा झाला की नाही हे मुकादमाला नव्हे, मजुराला विचारा. बांधकाम कामगार म्हणून त्याची नोंदणी झाली आहे का तपासा. अशा प्रकारची तक्रार घ्यायला गावातली विश्वासू बाई हवी, आणि जवळचे रुग्णालय, पोलीस ठाणे, विधी सेवा यांची यादी काम सुरू होण्याआधी तयार हवी. पीडितेचे नाव, गाव तुमच्या मासिक अहवालात येता कामा नये.

पायरी ९: तक्रारी

तक्रार निवारणाची व्यवस्था बहुधा एका पेटीवर आणि एका नोंदवहीवर थांबते. तिमाही अहवालात ‘प्राप्त तक्रारी: शून्य’ दिसले की मी आनंदी होत नाही. शेकडो डंपर जाणाऱ्या रस्त्यावर एकही तक्रार नाही याचा अर्थ लोकांना कुठे जायचे ते कळलेले नाही, किंवा गेल्याचा उपयोग नाही हे कळलेले आहे.

तक्रार तोंडी, फोनवर, रस्त्यावर उभ्या साइट इंजिनिअरकडेही देता आली पाहिजे आणि तिला क्रमांक मिळाला पाहिजे. तीन पातळ्या पुरतात: कामाची जागा, जिल्हा, आणि वर एक समिती जिच्यात प्रकल्पाच्या पगारावर नसलेला निदान एक सदस्य आहे. एमयूटीपीत नेमका याच स्वातंत्र्याचा प्रश्न आला होता. मुदत ठरवा, उत्तर लेखी द्या, ‘नाही’ असेल तर कारणासह ‘नाही’ म्हणा. आणि लोकांना हेही स्पष्ट सांगा की ते कोर्टात किंवा थेट सावकाराच्या तक्रार यंत्रणेकडे कधीही जाऊ शकतात. काही अधिकाऱ्यांना हे सांगणे म्हणजे आपणच काडी लावणे वाटते. पण पॅनेलकडे जाणारे लोक बहुतेक वेळा आधी स्थानिक कार्यालयात चकरा मारून थकलेले असतात.

पायरी १०: देखरेख, अपघात आणि बदल

मृत्यू, गंभीर अपघात, लैंगिक हिंसा, मोठी गळती, लोकांचा मोठा संघर्ष असे काही घडले तर बांधिलकी आराखड्यात साधारणपणे ४८ तासांत बँकेला कळवायची अट असते. घड्याळ माहिती कळल्यापासून सुरू होते. चौकशी पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. पहिल्या सूचनेत एवढेच पुरते: काय, कुठे, केव्हा, कोणाला, आता काय केले. मूळ कारणांचा शोध नंतर. वरिष्ठांची सही मिळेपर्यंत थांबायची पद्धत असेल तर ती आधीच बदलून घ्या. सुट्टीच्या दिवशी कोण कळवणार हे नावानिशी ठरवा.

देखरेखीची भेट आखताना ठेकेदाराने सुचवलेला मार्ग सोडून एक तरी जागा स्वतः निवडा. बंद केलेली मुरमाची खाण बघा, कारण पावसाळ्यात पाणी भरलेल्या अशा खड्ड्यांत पोरे बुडतात आणि कागदावर ती खाण ‘पूर्ववत केलेली’ असते. रात्री एकदा जा. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि क्रशर रात्रीच जोरात चालतो.

काम चालू असताना आखणी बदलते, पुलाची जागा सरकते, नवी खाण उघडते. प्रत्येक बदलाच्या प्रस्तावाला एका पानाची पर्यावरणीय-सामाजिक तपासणी जोडल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही, असा अंतर्गत आदेश काढून घ्या. मूळ मूल्यमापन मूळ आखणीचे होते, बदललेल्या आखणीवरच्या माणसाने त्यात कधी आपले नाव बघितलेले नाही.

पायरी ११: प्रकल्प बंद करताना

बांधकाम संपले की कक्षातले कंत्राटी तज्ज्ञ आधी घरी जातात. त्याच वेळी पुनर्वसित इमारतींची लिफ्ट, पाणी, मलनिस्सारण, सोसायटीची नोंदणी आणि मालकीचे कागद हे प्रश्न ऐरणीवर येतात. एमयूटीपीच्या वसाहतींत देखभालीच्या खर्चाचा प्रश्न असाच मागाहून मोठा झाला. झोपडीत नसलेले मासिक शुल्क इमारतीत आले आणि कामाची जागा मात्र लांब गेली.

म्हणून पुनर्वसनाचे पूर्णत्व परीक्षण मोबदला वाटून झाला की करू नका. लोक हलल्यावर किमान एखादे वर्ष जाऊ द्या, मग सुरुवातीच्या सर्वेक्षणातल्या त्याच कुटुंबांकडे तेच प्रश्न घेऊन जा: उत्पन्न, कर्ज, मुलांची शाळा, बाईचे काम. ज्यांची स्थिती घसरली आहे त्यांच्यासाठी दुरुस्तीचा खर्च कर्जाच्या समाप्तीच्या तारखेआधी बाजूला काढा. ती तारीख उलटली की खाते बंद होते. दोषदायित्व काळात, म्हणजे काम संपल्यावर ठेकेदार दुरुस्तीला बांधील असतो त्या काळात, ठेकेदाराची अडवलेली रक्कम सोडण्याआधी खाणी, कॅम्पच्या जागा आणि वळणरस्ते यांच्या जमीनमालकांकडून जमीन समाधानकारक परत मिळाल्याचा दाखला घ्या, फोटोसकट. आणि उरलेल्या जबाबदाऱ्यांची यादी, म्हणजे लावलेल्या झाडांचे संगोपन, खाडीच्या पाण्याची तपासणी, चालू असलेले न्यायालयीन दावे आणि न उचललेले मोबदल्याचे धनादेश, नाव, पद आणि लेखाशीर्षासकट ज्या नियमित खात्याकडे जाणार त्याच्या आवक नोंदवहीत क्रमांक पडेपर्यंत कक्षाचे कुलूप लावू नका.